मुलांना सांगून टाकलं, म्हणजे चुकलं का?

पत्राचा सारांश:

मराठवाड्यातल्या एका मोठ्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’ तुकडी त्यांच्याकडे, ‘ब’ तुकडी एका ज्येष्ठ गुरुजींकडे. वर्गातली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि हंगाम संपला की परत येतात. डी.एड.ला बाईंनी थॉर्नडाइक, स्किनर, पियाजे, व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे शिकण्याविषयीचे सिद्धांत पाठ केले. पुढे प्रशिक्षणांमधून ज्ञानरचनावाद शिकल्या. ‘शिक्षकाने सांगायचं नाही, मुलांनी स्वतः ज्ञान रचायचं’ हे त्यांना मनापासून पटलं. गट केले, काड्यांचे गठ्ठे दिले, कृती घेतल्या. तरी हातच्याच्या वजाबाकीत मुलं अडली. एका मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं, ४१ वजा १८ बरोबर ३७, ६३ वजा २८ बरोबर ४५. शेवटी त्यांनी फळ्यावर रीत सांगून टाकली, आणि तेव्हापासून मनात अपराधी वाटतं आहे. गुरुजी रोज पाढे म्हणवून घेतात आणि चाचणीत त्यांच्या मुलांना गुण जास्त पडतात. पालक म्हणतात, ‘ब तुकडीत अभ्यास होतो, बाईंच्या वर्गात नुसता खेळ.’ बाईंनीही गुपचूप पाढे सुरू केले, पण विस्तार अधिकारी भेटीला आले त्या दिवशी बंद ठेवले. त्यांचे प्रश्न असे: कोणता सिद्धांत खरा? चांगलं काम केल्यावर मुलांच्या हातावर चांदणी काढते, तेही चूक आहे का? ‘ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के’ असं प्रशिक्षणात सांगतात, मग मी बोलून काय उपयोग? आणि डी.एड.ला शिकलेलं हे सगळं परीक्षेपुरतंच होतं का?

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात सिद्धांतांबद्दल बरंच आहे, पण मी अडकले ती त्या तीन वजाबाक्यांपाशी. तिन्ही चुकलेल्या, आणि तिन्ही एकाच तऱ्हेने चुकलेल्या. ५२ वजा २७ मध्ये दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. झाले ३५. बाकीची दोन गणितं अशीच करून बघा, तंतोतंत जुळतात. म्हणजे या मुलाने काहीतरी ठोकून दिलेलं नाही. त्याच्याजवळ एक पक्का नियम आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. हा नियम त्याला कोणी शिकवला नव्हता. ‘लहानातून मोठी संख्या वजा होत नाही’ असं आपण पहिलीपासून म्हणत आलो. बिनहातच्याची ढीगभर उदाहरणं सोडवून घेतली, त्या सगळ्यांत वरचा अंक मोठाच होता. एवढ्या सामग्रीतून त्याने तो नियम स्वतः तयार केला.

यालाच ज्ञानाची रचना म्हणतात, बाई. ती घडवून आणण्यासाठी वेगळा तास लागत नाही. मूल काड्या हलवताना रचतं, फळ्याकडे बघताना रचतं, गुरुजींचं बोलणं ऐकतानाही रचतं. फक्त ते दर वेळी बरोबरच रचेल याची हमी नसते, आणि शिक्षकाचं काम तिथे सुरू होतं.

पियाजे १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. अशा कामात बरोबर उत्तरं मोजायची असतात. त्यांचं लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेलं. साधारण एका वयाची मुलं सारख्याच पद्धतीने चुकतात हे त्यांना दिसलं, आणि ‘तुला असं का वाटलं?’ हे ते मुलांना विचारत राहिले. पुढचं आयुष्यभराचं काम त्यातून उभं राहिलं. आपल्या पुस्तकात त्यातल्या चार अवस्था उरल्या, वयोगटांसकट, पाठ करायला. हे सगळं परीक्षेपुरतंच होतं का, असं तुम्ही विचारता. ज्या रूपात ते आपल्यापर्यंत पोचलं त्या रूपात बरंचसं परीक्षेपुरतंच होतं, असं मला वाटतं. पण त्यांचा तो प्रश्न आजही तुमच्या वर्गात रोज कामाला येईल. त्या मुलाला जवळ बसवा, लाल फुली मारू नका, आणि म्हणा, ‘हे कसं केलंस ते मला करून दाखव.’ तो आपला नियम बोलून दाखवेल. वर्गात आणखी कुणाकुणाच्या वहीत तोच नियम आहे हेही शोधा. बहुधा तो एकटा नसेल.

आता काड्यांविषयी. काड्या दिल्या, गट केले, तरी वहीत चूक का? माझा अंदाज असा की काड्यांचा तास वेगळा झाला आणि वहीचा वेगळा. मुलांनी गठ्ठे सोडले, मोजले, आनंदाने केलं. मग साहित्य पेटीत गेलं आणि वह्या निघाल्या. वहीतला ५ म्हणजे मघाचे पाच गठ्ठे, हा सांधा जुळलाच नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी हाताने करणं, चित्रात पाहणं आणि चिन्हांत लिहिणं अशी तीन रूपं सांगितली. आपल्याकडे पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी पडते, मधलं चित्र गळून जातं.

तुमच्या मुलांसाठी मी गठ्ठ्याऐवजी ‘मोळी’ म्हणेन. उसाची मोळी कशी बांधतात, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत कशी नेतात, हे त्या मुलांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे. फडावरच्या मोळीत किती ऊस असतात ते ठरलेलं नसतं. आपल्या वर्गातली मोळी मात्र बरोबर दहांची, एवढं पहिल्यांदाच ठरवून घ्या. पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा. ‘यातल्या सत्तावीस मला दे. आधी सुट्या सात दे.’ आधी सुट्याच मागायच्या, म्हणजे हातातली कृती आणि वहीतली रीत एकाच क्रमाने चालते. नाहीतर मूल आधी दोन मोळ्या काढून देतं आणि वहीशी ताळमेळ बसत नाही. सुट्या दोनच आहेत हे पाहून ते थांबेल. लगेच बोलू नका. बरीच मुलं आपणहून एक मोळी सोडतात. नाहीच सोडली, तर सांगा, ‘एक मोळी सोड.’ सांगितल्याने काही बिघडत नाही. मोळी सुटली की काड्या समोर असतानाच वहीत ५ वर काट मारून ४, आणि २ च्या जागी १२. सात दिल्या, पाच राहिल्या, लिहिलं. काडी हलली की पेन्सिल हलली पाहिजे. काही उदाहरणं अशी झाल्यावर काड्या बाजूला ठेवून चित्र: मोळीची उभी रेघ, सुट्याचं टिंब. मोळी सोडायची म्हणजे रेघ खोडून दहा टिंबं काढायची. मग नुसते अंक. आणि सगळ्यात शेवटी त्याचं जुनं उत्तर त्याच्यासमोर ठेवा: ‘५२ होते, २७ दिले, तू म्हणतोस ३५ उरले. दिलेले आणि उरलेले एकत्र कर बरं.’ बेरीज ६२ येईल. आपला नियम कुठे तुटतो हे त्याला स्वतःलाच कळेल, आणि त्यासाठी तुम्हाला ‘चूक’ हा शब्दही उच्चारावा लागणार नाही.

‘शिक्षकाने सांगायचं नाही’ हे आपल्याकडे कसं रुजलं, तेही पाहू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतःचं ज्ञान घडवतं ही भूमिका घेतली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीने आणि भीतीविना शिकण्याचा उल्लेख आला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि ज्ञानरचनावादासाठी गाजलेलं सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. हा बदल हवाच होता. त्याआधीच्या कितीतरी वर्गांत हाताची घडी, तोंडावर बोट, आणि पाठीत धपाटा हेच अध्यापनशास्त्र होतं. पण पाहून आलेल्यांना तिथल्या रंगवलेल्या फरशा आपल्या शाळेत आणणं सोपं गेलं. मूल कुठे अडलं हे हेरून तिथे नेमकी मदत करणं आणायला अवघड होतं, ते बरंचसं मागेच राहिलं. ज्ञानरचनावाद हा शिकणं कसं होतं याचा विचार आहे. शिक्षकाने किती बोलावं हे त्यात कुठेही ठरवून दिलेलं नाही.

व्हिगॉट्स्की तर ‘सांगायचं नाही’ याच्या उलट बाजूने बोलतात. अवघ्या सदतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे मांडलं, त्याचा गाभाच मुळी जाणत्या माणसाची मदत हा आहे. मूल एकट्याने जे करू शकतं आणि कुणाच्या तरी आधाराने जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या जागेत शिकणं घडतं. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा जुळवायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती नेमकी काय करते ते टिपलं. ती गप्प बसलेली नव्हती. मुलाचं लक्ष कामावर ठेवत होती, काम सोपं करून देत होती, गरज पडली तर करून दाखवत होती, आणि मुलाला जमू लागलं की हात काढून घेत होती. यातलं हात काढून घेणं सर्वात कठीण असतं. पण त्याआधी हात द्यावा तर लागतो.

२००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एक लेख लिहून नवशिक्यांना कमीत कमी मार्गदर्शनात सोडून देण्यावर कडक टीका केली. त्यावर पुष्कळ वाद झाला, अजूनही होतो. पण एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: विषय नवा असताना पूर्ण सोडवून दाखवलेलं उदाहरण फार उपयोगी पडतं, आणि जाण वाढत गेली की तेवढी मदत लागत नाही, उलट अडचण होते. म्हणून वजाबाकीची रीत शिकवताना एक उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या, दुसरं अर्धं सोडवलेलं, तिसरं कोरं. आणि जिथे शोधायची सामग्री मुलांच्या हातात आहे, तिथे खरोखरच सांगू नका. नऊच्या पाढ्यातल्या उत्तरांच्या अंकांची बेरीज करून बघा, एवढंच म्हणा आणि बाजूला व्हा. तो शोध त्यांचा त्यांना लागू दे.

या बाबतीत मला मनापासून काही वाटतं, ते लिहिते. शहरातल्या मुलाला शाळेत बाईंनी सांगितलं नाही, तर घरी आई सांगते, शिकवणीची ताई सांगते. तुमच्या वर्गातल्या मुलाची आई पहाटे कोयता घेऊन फडात उतरलेली असते. त्याला शाळेत कोणी सांगितलं नाही, तर कुठेच कोणी सांगत नाही. तत्त्वाच्या नावाखाली त्या मुलापासून माहिती रोखून धरणं मला मान्य नाही. फळ्यावर रीत सांगितलीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. ती रीत काड्यांना जोडली गेली का, एवढंच तपासा.

गुरुजींच्या पाढ्यांकडे येऊ. तुम्ही पाढे म्हणजे वर्तनवाद (सरावाने आणि बक्षिसाने शिकणं घडतं हा थॉर्नडाइक-स्किनरचा विचार) आणि वर्तनवाद म्हणजे जुनाट, असं समीकरण मांडलेलं दिसतं. माणसाच्या मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. ‘सात पोत्यांत प्रत्येकी आठ पायल्या’ हे गणित सोडवताना मूल सात आठे किती यावरच बोटं मोजत बसलं, तर पोती आणि पायल्या डोक्यातून निघून जातात. पाढा झटकन आठवला की मन गणिताचा अर्थ लावायला मोकळं राहतं. स्वेलर यांनी १९८८ पासून बोधात्मक भाराचा जो सिद्धांत मांडला, तो थोडक्यात हाच. तेव्हा पाढे हवेतच, उघडपणे हवेत.

कसे, हा मात्र प्रश्न आहे. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असतो तेव्हा मागच्या ओळीतल्या मुलांच्या ओठांकडे बघा. काहींचे ओठ इतरांच्या किंचित मागून हलतात. ती आठवत नाहीत, ऐकून म्हणतात. मग कोणालाही एकदम विचारा, ‘सात आठे?’ पुष्कळ मुलं मनात ‘सात एके सात’पासून निघतात आणि पायरी पायरीने छप्पन्नावर पोचतात. त्यांना पाढ्याची चाल पाठ आहे, पण त्यातला एकच घास वेगळा काढता येत नाही. थॉर्नडाइकचा सरावाचा नियम आपण सगळ्यांनी लिहिला आहे. त्यांनीच पुढे तो नियम बदलला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. डोळे बांधून ठरावीक लांबीची रेघ पुन्हा पुन्हा काढायला लावली आणि ती बरोबर आली की नाही हे सांगितलंच नाही, तर कितीही वेळा काढली तरी सुधारणा होत नाही, असं त्यांना आढळलं. नुसत्या आवृत्तीने काही होत नाही, आपलं बरोबर आलं की चुकलं हे लगेच कळावं लागतं. न तपासलेल्या वहीतलं दहा वेळा लिहिलेलं शुद्धलेखन याच कारणाने वाया जातं.

म्हणून पाटी वापरा. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, ‘पाट्या वर!’ म्हटलं की एकदम वर करायच्या. एका नजरेत सगळा वर्ग दिसतो, आणि मुलाला तिथल्या तिथे कळतं. क्रम मोडून विचारा. आज सातचा झाला तर उद्या सातच्या पाढ्यातले दोन प्रश्न, तीनच्या पाढ्यातले दोन, आठवड्याने पुन्हा. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला, तेव्हापासून हे पक्कं आहे की एकाच दिवशी घोटून घेण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेला सराव जास्त टिकतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात हेही दिसलं की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त दिवस लक्षात राहिला. गुरुजी रोज, थोडा वेळ, न चुकता घेतात हे त्यांचं बलस्थान आहे. ते त्यांच्याकडून जरूर घ्या.

गुणांबद्दल एक विचारते. त्या चाचणीत प्रश्न कोणते होते? उभी मांडलेली उदाहरणं असतील तर गुरुजींची मुलं पुढे असणारच. एकदा दोघांनी मिळून छोटी चाचणी काढा: पाच उभी उदाहरणं, तीन शाब्दिक, आणि एक असं की ‘रामूने ५२ - २७ = ३५ केलं; त्याचं कुठे चुकलं ते सांग.’ कदाचित तुमची मुलं शेवटच्यात पुढे जातील, कदाचित नाहीही जाणार. दोन्ही तुकड्यांतून काय कच्चं आहे ते मात्र समोर येईल, आणि मग बोलणं ‘तुमची पद्धत, माझी पद्धत’ यावर न राहता मुलांवर येईल.

तिथून पुढे एक पाऊल टाकता येईल. तुमच्या शाळेत दोन तुकड्या आणि दोन शिक्षक आहेत, हे भाग्य समजा. रोज एक तास तुकड्या मोडून मुलं पातळीनुसार वाटून घ्या: ज्यांना अजून दशक-सुटे कळलेले नाहीत ती एकाकडे, ज्यांना कळलेत ती दुसऱ्याकडे. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळं बसवून, त्यांच्या पातळीपासून शिकवलं गेलं. त्यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वाधिक फायदा कच्च्या मुलांना झाला. त्या बालसखी बहुतेक शेजारच्याच वस्तीतल्या, पदविका नसलेल्या मुली होत्या. काळजी एकच घ्यायची: गट कायमचे करायचे नाहीत. दर पंधरवड्याला मूल तपासून हलवायचं, नाहीतर ‘ढ गट’ असा शिक्का बसतो आणि तो पुसणं फार अवघड.

हंगामाहून परतलेल्या मुलांना तर हे सगळ्यात गरजेचं आहे. मानसशास्त्रज्ञ ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये लिहिलं की शिकण्यावर सर्वात जास्त परिणाम कशाचा होतो, तर मुलाला आधीच काय येतं याचा. ते शोधा आणि तिथून शिकवा. परत आलेल्या मुलाला पुस्तकाच्या चालू पानावर बसवू नका. दहा मिनिटं त्याच्याशी बोला. गाडीत किती मोळ्या चढतात, उचल किती घेतली होती, आठवड्याच्या बाजाराला किती पैसे लागतात. तोंडी हिशोब काही मुलं इतका सुरेख करतात की थक्क व्हावं, आणि तेच गणित वहीत आलं की गोठतात. त्या तोंडी हिशोबाला वहीची भाषा मिळवून देणं हे तुमचं काम. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे यांतून साहित्य उभं केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ऑसुबेलचं पुस्तक तेव्हा यायचं होतं.

चांदण्यांचं थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस. पुढे बक्षीस नसताना ही मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणून जे काम मुलं आवडीने करतात, गोष्टी वाचणं, चित्र काढणं, त्यावर चांदणीचं आमिष लावू नका. नावडीच्या कामाला सुरुवात करून द्यायला चांदणी चालेल, पण हळूहळू विरळ करत न्या. आणि चांदणीपेक्षा ‘आज मोळी सोडल्यावर लगेच ४ लिहायला विसरला नाहीस’ हे वाक्य मुलाला जास्त शिकवतं, कारण नेमकं काय जमलं ते त्यात आहे.

ते २० टक्के आणि ९० टक्के मात्र डोक्यातून काढून टाका. शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष करण्यापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड) मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले, आणि एका स्लाइडवरून दुसऱ्या स्लाइडवर फिरत राहिले. ‘हे मूल दृक्, ते मूल श्राव्य’ या वाटणीचंही तसंच: २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा वाटणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही. सगळ्याच मुलांना पाहायला, ऐकायला आणि करायला मिळावं. कुणाच्या कपाळी एकच इंद्रिय लिहू नका.

कोणता सिद्धांत खरा, या तुमच्या प्रश्नाला मी एका नावाने उत्तर देऊ शकत नाही, कारण ही मंडळी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत होती. मूल असंच का चुकतं हा प्रश्न पडला की पियाजेकडे जा. मदत किती आणि कधी, हे व्हिगॉट्स्की आणि ब्रूनर यांना विचारा. शिकवलेलं टिकत नसेल तर एबिंगहाउस आणि थॉर्नडाइक. मूल बसायलाच तयार नसेल, तर बक्षिसाने वागणं घडतं म्हणणाऱ्या स्किनरचंही ऐकायला हरकत नाही. हे मी गणितावर बोलले, पण वाचनालाही लागू आहे: चित्र पाहून ‘कमळ’ म्हणणारं मूल वाचत नाही, अंदाज करतं. चित्र झाका आणि ऐका, म्हणजे अक्षरओळख कुठवर आली ते कळेल. पालकांनीही घरी ‘किती गुण?’च्या आधी ‘हे कसं केलंस?’ विचारायला हरकत नाही.

पालकांची तक्रार मनाला लावून घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. आपलं मूल शिकावं म्हणूनच ते बोलतात. पुढच्या पालक सभेत भाषण नको. दोन-तीन मुलांना पुढे बोलवा, मोळी सोडून वजाबाकी करू द्या, लगेच तेच फळ्यावर लिहू द्या, आणि मग पाट्यांवर पाढे घ्या. मुलगा मोळीतून दशक काढतो हे त्याच्या वडिलांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

राहिले विस्तार अधिकारी. त्यांच्यापासून काही लपवू नका. लपवल्याने मुलांनाही कळतं की आपण रोज करतो ते साहेबांसमोर करण्यासारखं नाही. पाठाच्या टाचणात उद्दिष्टाखाली दोन ओळी जास्त लिहायला लागा: आज कोणती चूक दिसली, आणि त्यावर काय केलं. ‘पाढे का घेता?’ असं विचारलं तर टाचण उघडून दाखवा. कोणत्या मुलाचं काय अडत होतं आणि आता काय जमतं, हे वहीच्या पानांसकट सांगा. बहुतेक अधिकारी कधीतरी वर्गावर शिकवून आलेलेच असतात. कोणी तरीही ‘हे ज्ञानरचनावादी नाही’ म्हणालं, तर शांतपणे त्या मुलालाच बोलवा आणि त्याला समजावून सांगू द्या.

आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, तुम्ही आणि गुरुजींनी मिळून अर्धा तास मागून घ्या. विषय एकच ठेवा, तिसरीतल्या हातच्याच्या वजाबाकीतल्या चुका. आजूबाजूच्या शाळांमधूनही तशाच वह्या निघतील. त्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या पानांचे फोटो आतापासून काढून ठेवा, मुलांची नावं झाकून.